पावशी पायानं धरतात

जेवणं आटोपली की रेणुका मला मागच्या अंगणातल्या बाजेवर आणून बसवते. पाय उन्हात, डोकं पेरूच्या सावलीत, पाठीला दोन उशा. पौषातलं ऊन आहे, अंगाला बरं वाटतं. मांडीवर परात आणि परातीत सांबार. कोथिंबीर म्हणणारे म्हणोत, आम्ही परतवाड्याकडचे लोक तिला सांबारच म्हणतो, आणि थंडीत तो बाजारात इतका येतो की भाव विचारायचीही लाज वाटावी. रेणुका तो मला निवडायला देते. हाताला काम द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. काम डावा हात करतो. उजवा मांडीवर पडून असतो, लग्नघरातल्या पाहुण्यासारखा. त्याला ऊठ म्हणता येत नाही आणि काम तर सांगताच येत नाही.

पावसाळ्यात मला अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं परत आलं. घरातले म्हणतात ते गेलंच कधी होतं. पाय काठीच्या आधारानं चालतो. पण उजवा हात बधिर झाला तो झालाच, चिमटा काढला तरी कळत नाही. याच हातानं मी जन्मभर सांबारवड्या केल्या. सांबार बारीक चिरायचा, खोबरं, तीळ, खसखस घालून परतायचा, बेसनाच्या पारीत गुंडाळून तळायचा. माझ्या वड्यांसाठी लोक अमरावतीहून वाट वाकडी करून यायचे. हे मी नाही सांगत, लोक सांगतात. मी फक्त पुन्हा सांगते.

आज संध्याकाळपर्यंत मला रेणुकाला उत्तर द्यायचं आहे. सोमवारपासून बेबीबाई नावाची एक बाई स्वयंपाकाला मिळते आहे. रेणुका माझी सून, शाळेत शिकवते. मुलगा हर्षल आठवडाभर नागपूरला असतो. दोन्ही वेळचं करून पोरगी थकून जाते, ते मला दिसतं. विचारलं तेही गोडीनंच, की आई, तुम्ही हो म्हटलं तरच सांगते तिला. पण मला माहीत आहे, एकदा त्या बाईनं ओट्याचा ताबा घेतला की माझं स्वयंपाकघर संपलं. मग मी घरातली नुसती जेवणारी. हो म्हणावं तर घशातून निघत नाही, आणि नाही म्हणावं तर कोणत्या हाताच्या जोरावर म्हणू?

एक काडी खुडते, दुसरी खुडते. पानं परातीत, देठ पदरात. ऊन पापण्यांवर येऊन बसतं. पानं पदरात, देठ परातीत. काहीतरी उलटं होतं आहे हे कळतं, पण हात थांबत नाही. मग आवाज येतो. कर्र. कर्र. सांबाराची जुडी पात्यावरून जाताना होतो तो आवाज.

बाजेच्या पायथ्याशी द्वारका आक्का बसल्या आहेत.

द्वारका आक्का माझ्या थोरल्या नणंद. ऐन तारुण्यात नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, त्या भावाच्या घरी राहायला आल्या आणि आल्या त्या दिवसापासून आमच्या घरातली पावशी त्यांची झाली. पावशी म्हणजे विळी, पाटावर उभं पातं असलेली. चिरायचं त्यांनी, शिजवायचं मी, आणि एकमेकींच्या कामाला नावं ठेवायची दोघींनी. परवाच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. आणि आता इथे बसल्या आहेत, तेच मातकट लुगडं, एक पाय दुमडलेला, दुसऱ्यानं पाट दाबलेला.

"ओला हाये," त्या म्हणतात. मान वरही करत नाहीत. "कोनं धुतला?"

"रेणुकानं."

"अन् तू पाह्यत बसली."

मेलेलं माणूस इतक्या दिवसांनी भेटतं, तर निदान कशी आहेस एवढं तरी विचारावं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खोटं नाही. त्यातून आक्कांचं म्हणणं बरोबर असतं ही आणखी पंचाईत. सांबार धुतला की फडक्यावर पसरून सावलीत सुकवायचा. ओला चिरला तर हिरवं पाणी सुटतं आणि वडीच्या पोटात लगदा होतो. मी म्हणते की पोरीला ठाऊक नव्हतं. त्या म्हणतात, ठाऊक असलेली बाई दोन हातांवर असताना पोरीला ठाऊक कसं नाही. दोन हातांवर म्हणजे इतक्या जवळ, असं त्यांना म्हणायचं आहे. मी माझ्या दोन हातांकडे बघते.

विषय बदलावा म्हणून मी विचारते, "आक्का, तिकडं सांबारवडी भेटते का तुमाले?"

"भेटते." कर्र. "पन कोनाले येत नाई."

एवढं बोलून त्या पुढची जुडी उचलतात. मी मात्र तिथंच थांबते. उभ्या आयुष्यात या बाईनं माझ्या वडीला बरं म्हटलं नाही. नावडतीचं मीठ अळणी तसं माझ्या वडीत काही ना काही कमी असायचंच, कधी खसखस तर कधी अक्कल. आणि आता मेल्यावर कबूल करतात. मला इतका आनंद होतो की मी बाजेवरून उठते. काठी न घेता उठते आणि त्याचं नवलही वाटत नाही.

अंगणाची फरशी संपते तिथून आमच्या स्वयंपाकघराचा ओटा सुरू होतो. ओटा संपत नाही. त्याच्यावर बाजार भरला आहे. दोन्ही बाजूंना दुकानं, आणि सगळ्या दुकानांत एकच वस्तू, दोरी ओढायचा तो हिरवा डबा. आत पाती असतात, वरून दोरी ओढली की गरगर फिरतात आणि कांदा बारीक होतो. डबे ओट्यावरून इकडेतिकडे पळत आहेत, दोऱ्या मागं लोंबकळत आहेत, आणि गिऱ्हाइकं त्यांना धरायला वाकून वाकून धावत आहेत. गॅसच्या शेगडीवर एक म्हातारा बसून पावत्या फाडतो आहे.

"हे काय वं?" आक्का विचारतात. त्या माझ्या पुढं चालत आहेत, पावशी काखेत.

मी सांगते. दवाखान्यातून घरी आल्यावर हर्षलनं मोठ्या प्रेमानं नागपूरहून हा डबा आणला. आई, याला चाकूसुद्धा लागत नाही, म्हणाला. खरंच लागत नाही. फक्त एका हातानं डबा दाबून धरावा लागतो आणि दुसऱ्यानं दोरी ओढावी लागते. मी डाव्या हातानं दोरी ओढली. डबा ओट्यावरून धावत गेला आणि धुण्याच्या भांड्यांत जाऊन पडला. हर्षल म्हणाला, सवय होईल. कोणाला, मला की डब्याला, ते मी विचारलं नाही.

आक्का हसतात. त्यांचं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं, ते चुलीत ओलं लाकूड चरचरावं तसं आहे. "एका हाताच्या बाईले दोन हातांची वस्तू," त्या म्हणतात. "पोरगा इंजिनेर हाये ना तुहा?"

"इंजिनेरच हाये."

"मंग बरोबर हाये."

बाजाराच्या टोकाला एक बाई लिंबांच्या टोपलीवर वाकली आहे. जवळ गेल्यावर दिसतं की ती लिंबं नाहीत, दाबायचे रबरी चेंडू आहेत, आणि ती बाई म्हणजे माझ्या हाताचा व्यायाम घेणारी फिजिओथेरपीवाली मुलगी आहे. ती हसते, म्हणते, या आजी. खोली तिचीच आहे, भिंतीवर कप्पी, कोपऱ्यात सायकल, पण जमिनीवर सांबाराचे देठ पसरले आहेत आणि चालताना पायाखाली चुरचुरतात. मुलगी माझ्या उजव्या तळहातावर चेंडू ठेवते. तो पडतो. मग पेन्सिल ठेवते. तीही पडते. मग कापड गुंडाळून मूठ जाड केलेली सुरी ठेवते. ती सुरी पडताना आवाज होत नाही, नुसती देठांत नाहीशी होते. मुलगी न चिडता पुन्हा एक सुरी ठेवते.

आक्का पेशंटच्या उंच टेबलावर मांडी घालून बसल्या आहेत. पावशी समोर.

"अठी काय शिकवते ही तुले?"

"धराले."

"काय धराले?"

"सुरी."

आक्का माझ्याकडे पहिल्यांदा मान वर करून बघतात. डोळ्यांत तोच जुना वैताग आहे, आणि मला तो बघून फार बरं वाटतं.

"तुह्या जन्मात तू सुरीनं सांबार चिरला काय?"

नाही चिरला. आमच्या घरात सुरी म्हणजे आजारी माणसाला सफरचंद कापून द्यायची वस्तू. तेवढ्यापुरती निघायची आणि पुन्हा खणात जायची.

"सुरी हातानं धरा लागते," आक्का म्हणतात. "पावशी पायानं धरतात. पातं जाग्यावर उभं राह्यते, सांबार त्याच्यापाशी जाते. हातानं धराचंच काय हाये त्याच्यात? तुह्या पायाले काय झालं?"

"उजवा जरा ओढते."

"अन् डावा?"

"डावा बरा हाये."

"मंग?"

फिजिओवाल्या पोरीची काही चूक नाही, ती पुण्याची, तिच्या घरी ओटाच असणार. डॉक्टर म्हणाले हाताला पकड आणा, तिनं पकड आणायला घेतली. पण मी? पावशीवर सारा संसार चिरून काढलेली बाई मी, आणि इतके दिवस सकाळ-संध्याकाळ त्या हाताला दम देत बसले की सुरी धर, सुरी धर. जी वस्तू तो कधी धरत नव्हता ती धरता येत नाही म्हणून रडत बसले. मला हसू येतं आणि स्वतःचा रागही येतो.

टेबलावरची पांढरी चादर पिवळी होत जाते. ती वर उचलली जाते, ताणली जाते, आणि मी मांडवात उभी आहे. ऊन कापडातून गाळून येतं आहे. लग्नघरी भाजी चिरायला जाताना आमच्याकडे बाया आपापली पावशी घरून घेऊन जातात, आणि बदलू नये म्हणून पाटाला रंगीत चिंधी बांधतात. तशा बाया गोल बसल्या आहेत. मध्ये सांबाराचा ढीग, नवरीच्या उंचीचा. सगळ्या बाया माझ्या ओळखीच्या आहेत. काही गेलेल्या, काही अजून आहेत, आणि त्या एकमेकींना तंबाखू देत आहेत. कोणाला त्यात वावगं वाटत नाही. आक्कांच्या शेजारी एक जागा रिकामी आहे.

बस ना, बस ना, असं सगळ्या म्हणतात. मी बसत नाही.

मला बसायचं आहे. त्या बायांच्या मांडीला मांडी लावून, पदर खोचून, ढिगातली एक जुडी ओढून घ्यायची आहे. मला हात नको, पाय नको, एवढं मिळू दे. आणि तरी मी खुंटासारखी उभी आहे, कारण एक गोष्ट आहे जी मी हर्षलला सांगितली नाही, रेणुकालाही नाही.

दवाखान्यातून आल्यावर सुरुवातीला मी न्हाणीत बसले ती उठलेच नाही. रेणुकाच्यानं मला उचलवेना. तिनं घाबरून शेजारच्या दोघा भावांना हाक मारली. अंगावर ओलं लुगडं, आणि दोन परके बाप्ये मला बगलेतून धरून उचलत आहेत. त्यांनी नजर खाली ठेवली, भली माणसं आहेत. पण त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की खुर्चीपेक्षा खाली म्हणून बसायचं नाही. जेवण खुर्चीत, पूजा खुर्चीत. पावशी माळ्यावर टाकायला मीच सांगितलं. सगळ्यांना वाटलं हाताचं दुःख आहे.

आक्का वाट बघत आहेत. म्हणून मी सांगते.

"बसली त उठता येनार नाई, आक्का."

"कोनाले?"

"मले."

"मले येत होतं काय?"

बायांची चिराचिरी थांबते.

नव्हतं येत. शेवटची कितीतरी वर्षं आक्कांचे गुडघे गेले होते. खाली बसायच्या त्या धपकन, आणि चिरून झालं की तिथून आरोळी द्यायच्या, प्रमिले, उठव वं. माझी फोडणी कढईत असो, हात पिठात असो. मी हात पुसत यायची, पाठीमागून त्यांच्या बगलेत हात घालायची आणि एक, दोन म्हणत ओढायची. त्या उभ्या राहायच्या आणि पहिलं वाक्य काय, तर तुहे हात ओले हायेत. आभार मानणं तर सोडाच. मी चिडायची, ओट्यावर उभ्यानं चिरायला काय होतं म्हणून बडबडायची. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली बसायच्या.

"जड होती काय मी?" आक्का विचारतात.

"होत्या," मी म्हणते. खोटं कशाला बोलू.

"मंग म्यां बसाचं सोडलं काय?"

"नाई."

"काऊन सोडू? तू होती ना उठवाले."

हे त्या सांबाराकडे बघत म्हणतात, माझ्याकडे नाही. आणि मला रडू फुटतं. इतकी वर्षं मला वाटायचं की या बाईला माझी किंमत नाही, म्हणून ती मला हक्कानं राबवते. तिला भरवसा होता. ती रोज माझ्या भरवशावर जमिनीवर बसत होती, आणि रोज ओरडत होती ती मी येणार म्हणूनच. मी पदरानं डोळे पुसते. एक बाई म्हणते, कांदा कोण चिरून राह्यलं वं, आणि सगळ्या हसतात.

मी बसते.

कशी बसते ते कळत नाही, पण जमीन जवळ येते आणि ती गार नाही. आक्का आपली पावशी उचलतात आणि माझ्यापुढे धरतात. मी हात मागे घेते. पातं कधी हातात देत नाहीत. खाली ठेवायचं, दुसरीनं उचलायचं. हातातून हातात दिलं की दोघींत भांडण होतं, हे आमच्याकडे लेकराला ठाऊक असतं. आक्कांनी तर हा नियम जन्मभर पाळला. भांडणं व्हायची ती वेगळ्या कारणांनी.

"खाली ठेवा, आक्का. भांडन होईन."

"होऊ दे," त्या म्हणतात. "कोन भांडते तुह्याशी आता? समदे गोड बोलून राह्यले. बिमारासंगं बोलते तसं. घे हातात."

मी दोन्ही हात पुढे करते. उजवाही येतो, डाव्याच्या मागून, उशिरानं. पावशीचं वजन दोन्ही तळहातांवर पडतं. आक्कांची बोटं माझ्या बोटांना लागतात आणि ती ऊबदार आहेत, नुकतीच भाकरी थापून उठल्यासारखी.

पाट खाली ठेवून मी डाव्या पायानं दाबते. जुडी डाव्या हातानं वळते. उजव्याचं काय करू, मी विचारते.

"वरून ठेव."

"तो नुसता पडून राह्यते, आक्का. जड हाये."

"जडच पाह्यजे. सांबार दाबून धराले हलका हात कोनाले लागते?"

मी उजवा हात जुडीवर ठेवते. तो पडतो तसाच पडतो, आणि त्याच्या वजनाखाली सांबार घट्ट होतो. डाव्यानं पुढे सरकवते. कर्र. बारीक हिरवा चुरा पाटावर उतरतो, कोरडा, सुटा. एकदाच पात्यावरून न्यायचा, परत परत कापायचा नाही, नाहीतर तो काळा पडतो. कर्र. कर्र. वास डोक्यात चढतो. बाया पुन्हा चिरायला लागतात आणि सगळ्यांचा आवाज एक होतो. मी आक्कांना विचारते की बेबीबाईला काय सांगू. आक्का म्हणतात, भाकरी तिले थापू दे, एका हातानं भाकरी होत नाई. सांबाराले हात लावू देऊ नको. इतकं सोपं असेल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी मान वळवून त्यांच्याकडे बघते, आणि बघते तेवढ्यात जुडी संपते.

"आई गं."

हा माझा आवाज आहे. ऊन पायांवरून सरकून भिंतीवर गेलं आहे आणि पाय गार पडले आहेत. मांडीवर परात. परातीतला सांबार अर्धा निवडलेला, अर्धा तसाच. बाजेच्या पायथ्याशी फरशी आणि फरशीवर पेरूची दोन वाळकी पानं.

उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर एक बारीक लाल रेघ आहे. मी बघते तोवर ती रेघ भरते, तिचा थेंब होतो, आणि थेंब एका पानावर पडतो. बोट झोंबतं आहे. मी डाव्या हातानं ते दाबून बघते. आणखी झोंबतं. पुन्हा दाबते. मी त्या दुखण्याकडे इतकी डोळे फाडून बघत बसते की रेणुका दारात येऊन उभी राहिलेली मला कळत नाही.

"रक्त आलंय!" ती धावत येते. मग तिचा तोल सुटतो. चाकू कुठून घेतला, कोणी दिला, तुमचा जरा डोळा लागला म्हणून मी आत गेले तर लगेच हे उद्योग, कितीदा सांगायचं तुम्हाला, लहान आहात का तुम्ही. ती परात उचलते, उशा उचलते, बाजेखाली वाकून बघते. चाकू नाही. पावशी तर दिवाळीच्या आधीपासून माळ्यावर पोत्यात बांधलेली आहे. चाकू न सापडल्यानं ती आणखी चिडते. आता मी पुढे एक शब्द ऐकणार नाही, म्हणते, बेबीबाईला उद्याच बोलावते. पावसाळ्यापासून ही पोरगी माझ्याशी इतक्या मोठ्यानं बोललेली नाही, आणि मला ते ऐकत राहावंसं वाटतं.

हळद आणायला वळते आणि मध्येच थांबते.

"आई, तुम्ही ओरडलात."

"हो."

"दुखलं म्हणून?"

"झोंबून राह्यलं."

ती परत येते, माझ्यासमोर उकिडवी बसते आणि ते बोट हातात घेते. उजव्या हाताचं बोट. आधी डोळ्यांनी विचारते, मग हळूच दाबते. मी स्स् करते. ती पुन्हा दाबते. मी हात मागे ओढते, आणि हात ओढला जातो, कोपरापर्यंत का होईना. दोघी त्या हाताकडे बघत बसतो. तिच्या डोळ्यांतून पाणी येतं, तरी तिचा राग पुरता गेलेला नाही.

मी तिला सांगते की बेबीबाईला हो म्हण. भाकरी-पोळ्या तिनं कराव्यात. भाजी आणि सांबार मी चिरीन. त्यासाठी माळ्यावरून पावशी काढ, घासून दे आणि मला ओट्यापाशी खाली बसव.

"खाली?" रेणुका म्हणते. "आणि उठणार कशा?"

"तू उठवशीन."

"माझ्यानं नाही उचलल्या जात तुम्ही. न्हाणीत बघितलं ना."

"पाठीमागून बगलेत हात घालाचा. एक, दोन म्हनाचं. मी शिकवीन तुले."

ती नाक पुसते. "अन् मी शाळेत असले तर?"

"तवर बसून राहीन," मी म्हणते. "तू येशीन ना."